दिवाणाचं दुसरं टोक

इतरांच्या घरी दिवाळी चकलीच्या वासाने यायची, आमच्या कोथरूडच्या घरी ती दिवाण सरकवल्याच्या आवाजाने यायची. मोझॅकच्या फरशीवर लाकूड घासल्याचा तो खर्रर्र आवाज दुसऱ्या मजल्यावरून थेट खाली जायचा आणि खालच्या काकू जिन्यात भेटल्या की आईला म्हणायच्या, "आली वाटतं तुमची दिवाळी." आई म्हणायची, "आली. कंबरेतून."

बाबा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर यंत्रांची ड्रॉइंग काढायची आणि घरी आल्यावर स्वतःच्या हॉलचं, असा त्यांचा छंद. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापून ठेवले होते. दिवाण, शोकेस, लोखंडी कपाट, टेबल, टीव्हीचा स्टँड, सगळे मापात. नवरात्र संपलं की डबा माळ्यावरून खाली यायचा. आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढलेला असायचा आणि त्यावर बाबा हे तुकडे कॅरमच्या सोंगट्यांसारखे बोटाने सरकवत बसायचे. आई शाळेत शिकवायची. ती सहामाहीचे पेपर तपासता तपासता मध्येच मान वर करायची.

"कपाट खिडकीत ठेवायचं तर खिडकी कशाला केलीय?"

"नुसतं बघतोय गं."

"बघा, बघा. उचलायला शेवटी मीच आहे."

आणि ती असायचीच. दिवाण सागवानी, त्याच्या पोटात गाद्या, पाहुण्यांच्या उशा आणि माझ्या लहानपणीचं काहीबाही. रिकामा केला तरी एकट्याला हलायचा नाही. बाबा डोक्याच्या बाजूला, आई पायाच्या बाजूला. बाबा "उचल" म्हणायचे, आई पदर खोचून उचलायची, आणि मग दोघं एकमेकांकडे बघत पावलं टाकायची. दिवाण भिंतीला लागला की आई भिंत आणि लाकूड यांच्यात बोटं घालून निकाल द्यायची, "तुमच्या बाजूला चार बोटं जास्त आहे." हाडाच्या ड्राफ्ट्समनला हे सहन व्हायचं नाही. ते पट्टी आणायचे, मापायचे आणि काही न बोलता आपली बाजू सरकवायचे.

मग दोघं त्या दिवाणावर भिंतीला पाठ टेकून बसायची आणि चहा प्यायची. हॉल तोच, पण दुसऱ्या कोपऱ्यातून दिसायचा. दोघंही तो असा बघायची, जणू दुसऱ्याच्या घरी आलीत आणि घर आवडलंय. त्या चहात मला जागा नसायची. तेव्हा मला ते लागायचं.

पुढे बाजार खुला झाला आणि आमच्या सोसायटीला हुरूप आला. तोवर प्रत्येक घर सारखंच होतं: डिस्टेंपरच्या फिक्या हिरव्या भिंती, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, शोकेसमध्ये कधीच न वापरलेला कपबश्यांचा सेट. मग समोरच्या ब्लॉकमध्ये कडप्प्याचा ओटा जाऊन ग्रॅनाइटचा आला. कुणी गॅलरी बंद करून खोलीत घेतली. कुणाच्या हॉलमध्ये भिंतभर धबधब्याचं पोस्टर लागलं आणि आम्ही सगळे ते बघायला गेलो. ज्यांची मुलं अमेरिकेला गेली त्यांच्याकडे छताला पीओपीची वेलबुट्टी आली. एकेका घरात एकच भिंत विटकरी रंगाची झाली, आणि ती चुकून राहिली नसून मुद्दाम केली आहे हे घरमालकाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागायचं.

बाबांना हे सगळं हवं असायचं. वास्तुशांत असो की बारसं, ते आधी भिंतीवर बोटाने टकटक करून बघायचे. यजमान ताटं वाढत असायचे आणि बाबा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या उघडून मिटून बघत असायचे. आई त्यांना डोळ्यांनी दटावायची. आमच्याकडेही हळूहळू सनमायका आला, सरकत्या खिडक्या आल्या. फक्त आईची स्टीलची मांडणी गेली नाही. "मला माझी भांडी दिसली पाहिजेत," ती म्हणायची, "ड्रॉवरात काय लपवायचंय? चोरून आणलीत का?"

मी इंजिनीअर होऊन सॉफ्टवेअर कंपनीत लागले त्या सुमारास बाबांनी एका प्रदर्शनातून काचेचा टीपॉय आणला. सगळा काचेचा, पायसुद्धा. तो होता आणि दिसत नव्हता, हेच त्याचं कौतुक. त्या दिवाळीला दोघांनी दिवाण खिडकीखाली नेला, आणि पाडव्याच्या सकाळी बाबांनी टीपॉय हॉलच्या मधोमध ठेवला. थोड्या वेळाने आई ओवाळणीचं तबक घेऊन आली, टीपॉयवर आपटली आणि पडली. मनगट मोडलं.

टीपॉय दिसला नाही याचं कुणालाच नवल वाटलं नाही. पण हाताला प्लॅस्टर असताना ती दाराच्या चौकटीवर आदळली. मग कपाटाच्या उघड्या दारावर. ती चौकट तर कुणी हलवली नव्हती. डोळे तपासले तर काचबिंदू निघाला. ही नजर कडेकडेने जाते आणि जाताना सांगत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गेलेली परत येणार नव्हती. उरलेली औषधांनी जितकी टिकेल तितकी.

दवाखान्यातून आल्यावर बाबांनी टीपॉय उचलून भंगारवाल्याला दिला. भाव केला नाही, नवा आहे हेही सांगितलं नाही. मग पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा डबा माळ्यावर टाकला आणि म्हणाले, "आता या घरात काही हलणार नाही."

आणि खरंच काही हललं नाही. माझं जुनं नेलपॉलिश घेऊन त्यांनी खुर्च्यांच्या पायांभोवती फरशीवर लाल खुणा केल्या. झाडलोट झाली की खुर्ची खुणेवर परत आलीच पाहिजे. मी एकदा ऑफिसची बॅग वाटेत ठेवली तर जे ऐकून घेतलं ते मी कुठल्याच साहेबाकडून ऐकून घेतलं नाही. वर्षं गेली, आईची नजर बारीक होत होत फक्त उजेड आणि अंधार एवढी उरली. पण घरात ती अशी वावरायची की नवख्या माणसाला कळायचंसुद्धा नाही. मांडणीवरून नेमका डबा काढायची, चहा गाळायची, हॉलमध्ये आणून द्यायची आणि वर विचारायची, "साखर कमी वाटतेय का?" कारण घर तिच्या पायांना पाठ होतं.

आजूबाजूला मात्र सगळं पालटत होतं. व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या, भिंतीत दिवे आले, टीव्ही सपाट होऊन भिंतीवर चढला. एकेकाळी दर दिवाळीला नवं दिसणारं आमचं घर आता सोसायटीत सर्वांत जुनं दिसायला लागलं. कुणी पाहुणा म्हणायचा, "वा, जुनं छान जपलंयत!" बाबा म्हणायचे, "जपलं नाही. राहिलंय." आणि विषय बदलायचे. त्यांचे डोळे मात्र पाहुण्याच्या हातातल्या मोबाइलवर, त्याने दाखवलेल्या नव्या किचनच्या फोटोवर अडकायचे. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. ज्या माणसाला दर वर्षी घर नवं करावंसं वाटायचं, तो बायकोसाठी कॅलेंडरचा खिळासुद्धा हलवत नव्हता.

मग बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. कोथरूडमध्ये तेव्हा प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये हाच विषय होता. बाबा एकटेच विरोधात उभे राहिले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, खोल्या मोठ्या मिळणार आहेत. तुम्हाला तर हौस आहे." बाबा म्हणाले, "होती." पण बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, शेवटी त्यांनीही केली.

नवी इमारत होईपर्यंत दोघं माझ्याकडे वाघोलीला राहिली. माझ्या फ्लॅटचं मला कौतुक होतं. भिंतीच्याच रंगाची कपाटं, त्यांना कड्या नाहीत, नुसतं दाबलं की उघडतात. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही. सोफा खोलीच्या मधोमध. हे घर डोळ्यांसाठी केलेलं होतं. आई भिंतीवरून तळवा फिरवत राहायची आणि दार कुठे सुरू होतं ते तिला सापडायचं नाही. पहिले काही दिवस तिने प्रयत्न केला, मग तो सोडला. ती सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसायला लागली, सकाळी बसली की जेवायलाच उठायची. एकदा मी कामावर निघाले होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "जरा पाणी देतेस का गं?"

माझ्या आईने आयुष्यात कुणाकडे पाणी मागितलं नव्हतं. मी पाणी दिलं, लिफ्टमध्ये शिरले आणि रडले. बाबांनीही ते ऐकलं होतं. नवं घर तिच्या पायांना पाठ झालं नाही, तर ती उरलेलं आयुष्य अशीच एका कोपऱ्यात बसून काढेल, हे आम्हा दोघांनाही त्या सकाळी कळलं. आम्ही ते एकमेकांना बोलून दाखवलं नाही.

नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हा मी एक इंटिरियर डिझायनर मुलगी ठरवली. हुशार, गोड, हातात टॅबलेट. ती बाबांना चित्रं दाखवायला लागली. बाबांनी ती सगळी नीट बघितली, दोन ठिकाणी तर "हे कसं केलं?" असंही विचारलं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. जुनं घर सोडण्यापूर्वी त्यांनी टेप घेऊन एकेक माप घेतलं होतं. दारापासून दिवाण किती, दिवाणापासून टेबल किती, ओट्यापासून मांडणी किती.

"हे असंच करायचं."

"काका, पण नवा हॉल खूप मोठा आहे. हे फारच ओल्ड फॅशन होईल."

"होऊ दे. मीही त्यातलाच आहे."

"अहो काका, निदान मांडणी तरी... आता कोणी ठेवत नाही."

"आम्ही कोणीच नाही असं समजा."

त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला बाहेर नेऊन आईबद्दल सांगितलं. मग तिने सांगितल्याप्रमाणे सगळं करून दिलं. ओटा जुन्या उंचीचा, बटणं जुन्या उंचीवर, खुर्च्यांचे पाय जुन्या अंतरावर.

गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी मी बघायला गेले आणि दारातच थांबले. बाबांनी एकही अंतर बदलू दिलं नव्हतं. पण भिंती लांब गेल्या होत्या. त्यामुळे आमचा जुना हॉल जसाच्या तसा नव्या हॉलच्या मधोमध उभा होता, आणि त्याच्याभोवती रिकामी जागा उरली होती. दिवाण भिंतीपासून चांगला दोन-अडीच हात पुढे. पाठीला भिंतीऐवजी त्यांनी एक फळी ठोकून त्याला लोड टेकवला होता. मागे एक गल्लीच तयार झाली होती. एवढा मुरलेला ड्राफ्ट्समन, त्याला हे कागदावर दिसलं नसेल?

"बाबा, मागे केवढी जागा..."

"असू दे," ते म्हणाले. "तिला पावलं मोजावी लागता कामा नयेत."

दुसऱ्या दिवशी आई आली, चप्पल काढली, हात किंचित पुढे धरला आणि चालायला लागली. टेबल आलं तिथे वळली. खुर्ची आली तिथे हात ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन तिने मांडणीवरून पेला उचलला, माठातलं पाणी घेतलं आणि उभ्यानेच प्यायली. बाबा दाराला टेकून तिच्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा मला बघवेना, इतका तो आनंदी होता.

नवरात्र संपलं. मी एका रविवारी सकाळी गेले होते. आई दिवाणावर बसून लसूण सोलत होती. पाकळी बोटातून निसटून मागे पडली, ती शोधायला तिने सवयीने लोडाच्या पलीकडे, फळीवरून हात घातला. तिथे भिंत असायला हवी होती. हात आणखी पुढे गेला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत.

"अहो," ती म्हणाली, "भिंत कुठेय?"

बाबा पेपर वाचत होते. "आहे की."

"कुठे?"

"जरा मागे आहे."

आई उठली. दिवाणाच्या कडेला हात लावत ती टोकापर्यंत गेली, वळली आणि त्या मागच्या गल्लीत शिरली. आम्ही दोघं बघत होतो. तिने दोन्ही हात पसरले. एक तळवा फळीला, एक भिंतीला. तशीच ती त्या गल्लीतून शेवटपर्यंत चालत गेली आणि परत आली. मग ती हसायला लागली. लसणाच्या हातांनी तोंड झाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. बाबा मात्र हसले नाहीत.

आणि मग ती एकदम थांबली. "मला दिसत नाही म्हणून घर एवढंसं करून ठेवलंत होय?"

"तसं नाही गं. तुला लागू नये म्हणून. त्या टीपॉयच्या वेळी मीच..."

"टीपॉय तुम्ही एकट्याने ठेवलात," आई म्हणाली. "मी आत पूजेची तयारी करत होते. मला तो कुठे आहे ते माहीत नव्हतं. तुम्ही आणि मी मिळून जे ठेवलं, त्यावर मी कधी आपटले? सांगा ना. मी हाताने नेऊन ठेवलेली वस्तू मला कशाला दिसायला हवी?"

बाबांनी पेपर मिटून बाजूला ठेवला.

"डोळे गेले माझे. हात गेले नाहीत. इतक्या दिवाळ्या झाल्या, एकदाही मला म्हणाला नाहीत, की चल, दुसरं टोक धर. मला वाटलं, आता माझा उपयोग नाही म्हणून तुम्ही ते सोडून दिलंत."

मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की त्या हललेल्या दिवाणावरचा चहा तिलाही तितकाच हवा असायचा. मी इतकी वर्षं फक्त बाबांसाठी हळहळत होते.

बाबा उठले आणि आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, रागावले. पण ते पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा डबा घेऊन आले. तो त्यांनी वाघोलीला आणि तिथून परत इथे जपून आणला होता. नव्या घराचा नकाशाही त्यात होता, घडीवर घडी. किती दिवस तो असा तयार होता कोण जाणे. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि जरा घुटमळले. मग स्वयंपाकघरातून सुतळीचं बंडल आणि डिंक आणला आणि भिंतींच्या रेघांवर सुतळी चिकटवायला बसले. डिंक वाळेपर्यंत आईला धीर नव्हता. तिने ओल्या सुतळीवरूनच बोट फिरवलं.

"एवढा मोठा आहे हॉल?"

"एवढा आहे."

"आणि ही खिडकी?"

"खिडकी. तिथून सकाळचं ऊन येतं."

आईने डब्यात हात घातला, तुकडे चाचपले आणि पहिल्याच झटक्यात दिवाण काढला. तो तिने खिडकीखाली नेला, सुतळीला भिडवला. "इथे. मला ऊन कळतं."

मी बाह्या सरसावून पुढे झाले. "आई, तू राहू दे, मी आणि बाबा..."

"तू बाजूला हो," आई म्हणाली. "वाटेत येऊ नकोस."

तिने पदर खोचला, चाचपत पायाच्या बाजूला गेली आणि वाकली. बाबा डोक्याच्या बाजूला. दोघांचीही वयं झालेली, आणि दिवाण तोच सागवानी. मी गाद्या काढून घेतल्या, फळी सोडवली, एवढंच मला करू दिलं. बाबा "उचल" म्हणाले, पण आवाज नीट निघाला नाही, म्हणून आईच म्हणाली, "उचला." थोडं उचलत, थोडं ओढत, नव्या गुळगुळीत फरशीवर तोच खर्रर्र आवाज करत ती खिडकीपर्यंत गेली. आईची पावलं मागे मागे पडत होती आणि ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. बहुतेक मोजत होती.

दिवाण भिंतीला लागला. बाबा वाकून त्याच्या पायाकडे बघत राहिले, बराच वेळ. पायात बघण्यासारखं काही नव्हतं.

आईने भिंत आणि लाकूड यांच्यात बोटं घातली आणि आपल्या टोकापासून त्यांच्या टोकापर्यंत ती फिरवत आली. त्यांच्या खांद्याला हात लागला तेव्हा थांबली.

"अहो, रडताय काय," ती म्हणाली. "तुमच्या बाजूला चार बोटं जास्त आहे."

बाबांनी बाहीने नाक पुसलं. पट्टी आणली नाही, मापलं नाही, नुसता दिवाण सरकवला. मी चहा टाकायला आत गेले आणि दोनच कपांचं आधण ठेवलं.